मी सरकले नव्हते

मी जात्याची खालची तळी बोलतेय. खालची, वरची नव्हे. वरच्या तळीची ओळख करून द्यावी लागत नाही. तिला खुंटा असतो, ती गरगर फिरते, घरघर आवाज करते आणि धान्याची पहिली मूठ तिच्याच तोंडात पडते. मी तिच्याखाली गप्प बसून असते. मी जागची हलले की पीठ भरड पडतं आणि मगच घरात माझं नाव निघतं. नीट वागत असले तर मी आहे हेसुद्धा कुणाच्या ध्यानात येत नाही. तुमच्या घरातही असं एखादं माणूस असेल.

सध्या माझा मुक्काम धरणाच्या पाण्याकाठी, एका सरकारी ऑफिसच्या अंगणात आहे. अंगावर चुन्यानं आकडा घातलेला आहे. मी आरोपी आहे, आणि माझ्यावरचा आरोप शाबीतही झालेला आहे. भरल्या होडीत मी जागची सरकले आणि चौदा माणसांचा जीव धोक्यात घातला, असं कागदावर लिहिलंय. त्याखाली दहा अंगठे आणि तीन सह्या आहेत. चौदाव्या माणसाला कुणी विचारलं नाही, कारण ते माणूस बाई होतं. एवढ्या लोकांनी एकमतानं काही म्हणावं असं आमच्या गावात आधी कधी झालं नव्हतं, म्हणून मी त्या कागदाचा मान राखते. पण तुम्ही परके आहात, तुम्हाला खरं सांगायला हरकत नाही.

माझा जन्म वेल्ह्याकडचा. विंझरच्या वरच्या अंगाला ओढ्यात काळा खडक होता. एका पाथरवटानं त्यातून आम्हा दोघींना एकाच दगडातून फोडून काढलं. मोठ्या खटल्याच्या घरासाठी जातं हवं होतं, म्हणून मी चांगली मणभर वजनाची झाले. डोंगर ओलांडून चार माणसांनी मला बांबूला बांधून पांगारखळला आणलं. पांगारखळ म्हणजे भोरच्या वरच्या बाजूला, वेळवंडीच्या काठचं छोटं गाव. चौघांनी वाटभर माझ्या वजनाला शिव्या घातल्या. पुढं आयुष्यात हेच वजन माझ्या कामाला आलं, आणि हेच माझ्या अंगाशी आलं.

घर गेनबाच्या वडलांचं. त्या घरात थोरली सून म्हणून बाळाबाई आली ती बारा वर्षांची होती. एक पाय लांब पसरून ती माझ्यापुढं बसायची आणि जातं ओढायची. पंचविशीत तिचा नवरा गेला. धाकटा दीर गेनबा घरचा कारभारी झाला आणि बाळाबाई दळत राहिली. ती अंगानं दांडगी, बोलायला थोडी. माझ्यावर तिचा जीव होता असं मी म्हणणार नाही. पण टाकी लावून मला पुन्हा खरबरीत करायला पाथरवट आला की ती जवळ बसून राहायची आणि माझी कड फुटू द्यायची नाही. एवढं मला पुष्कळ होतं.

मग सत्तावीस-अठ्ठावीस सालच्या सुमाराला नवं धरण उभं राहिलं आणि पाणी आमच्या उंबऱ्याकडे निघालं. गावानं डोंगराच्या उतारावर नवं गावठाण मांडलं. गेनबानं शेवटची गाडी भरली. तीत दारं गेली, कौलं गेली, कोंबड्यांचा डालगा गेला आणि वरची तळीही गेली. माझ्याकडे बघून गेनबा म्हणाला, हिला पुढच्या खेपेला नेऊ. खालचीशिवाय वरची काय कामाची, असं बाळाबाईनं विचारलं, पण गाडी सुटली होती. पुढची खेप झाली नाही. खेप झाली ती पाण्याची.

दोन पावसाळे मी चिखलात पडून होते. तेवढाच आराम. मासे दळण आणत नाहीत.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरतं आणि जुन्या गावाची जोती उघडी पडतात. अशाच एका उन्हाळ्यात भोरचा अल्लाउद्दीन होडी घेऊन तिथं आला. त्याचा बाप कोकणातल्या खाडीवरचा खलाशी. वरंध्याचा घाट चढून तो भोरात आला आणि इथंच राहिला. बापानं शिकवलेली शिडाची विद्या डोंगरात काय कामाची, म्हणून लोक अल्लाउद्दीनला हसायचे. पाणी आल्यावर तेच लोक त्याच्या होडीसाठी काठावर बसून राहू लागले, कारण पांगारखळहून भोरच्या बाजाराला जायचं तर होडीनं दोन तास आणि पायी पाण्याला वळसा घालून अख्खा दिवस. अल्लाउद्दीनकडे जमीन नव्हती. एक शिडाची होडी होती, घरी बायको खुर्शिदा आणि तीन पोरी होत्या, आणि धरणाच्या ओव्हरसियर साहेबांनी दिलेला परवाना होता. परवाना एका वर्षाचा. होडीला एक जरी अपघात झाला तरी तो रद्द, असं त्यावर लिहिलेलं होतं. त्या कागदावर पाच माणसांची चूल पेटत होती.

त्याला होडीच्या तळाशी ठेवायला वजन हवं होतं. खलाशी त्याला नीरम म्हणतात. त्यानं मला चिखलातून उपसलं, धुतलं, उचलून बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. माझ्या वजनावर खूश झालेला तो पहिला माणूस. डोलकाठीच्या बुडाशी त्यानं मला बसवलं आणि दोन्ही अंगांनी लाकडी पाचरी ठोकल्या. इतक्या घट्ट ठोकल्या की मुंगी जायला फट उरली नाही. हे जरा लक्षात ठेवा, कारण साहेबांच्या कागदात पाचरींचा उल्लेख नाही.

गावातलं कुणी विचारलं की होडीत दगड कशाला, तर अल्लाउद्दीन म्हणायचा, "वर हलकं आन खाली जड. होडीला यापरीस जादा काय कळत न्हाई." ऐकणाऱ्यांना वाटे, एवढं तर आपल्यालाही कळतं. आणि पुढच्याच घटकेला कुणीतरी होडीच्या काठावर उभा राहून धोतर सावरत असे.

बाळाबाईनं मला पहिल्याच बाजाराला ओळखलं. काही बोलली नाही. माझ्या कडेवरून बोट फिरवलं, आणि घरी जाऊन गेनबाला म्हणाली म्हणे की तळी कामाला लागली, आता नवीन आणा.

आता देवीचं सांगते. पांगारखळची निनाई म्हणजे शेंदूर फासलेला एक तांदळा, नाक-डोळे नसलेला दगड. गाव हललं तेव्हा तो हलेना; खणत गेले तर खाली नुसता खडक. शेवटी देवीचा मुखवटा तेवढा वर नेला आणि ठाणं पाण्याखाली राहिलं. देवीची जत्रा पौष पौर्णिमेला. त्या दिवशी देवीच्या शिवेत चूल मांडून तेलच्या, म्हणजे गोड पुऱ्या, तळायच्या आणि पहिली तेलची गरमागरम देवीला द्यायची, ही रीत. आणि तळायचा मान गेनबाच्या घराण्यातल्या थोरल्या सुनेचा, म्हणजे बाळाबाईचा. पण पौषात धरण तुडुंब. देवीची शीव म्हणजे नुसतं पाणी. रीत मोडावी असं काही कुणाला वाटलं नाही. त्यापेक्षा होडीत चूल मांडावी असं सगळ्यांना वाटलं.

होडीत उकळतं तेल! अल्लाउद्दीन पेचात सापडला. नाही म्हणावं तर गाव दुखावतं, हो म्हणावं तर परवाना जातो. शेवटी तो हो म्हणाला, पण आपल्या अटींवर. माझ्याभोवती त्यानं लाकडी चौकट केली, तीत ओली वाळू भरली, आणि माझ्या पाठीवर मातीची चूल थापली. कढई बसवून तिचे दोन्ही कान तारेनं चौकटीला बांधले. तेल निम्म्या कढईच्या वर घालायचं नाही. शीड उतरवून नांगर टाकल्याशिवाय काडी ओढायची नाही. एक घोंगडी भिजवून हाताशी ठेवायची; तेल पेटलंच तर पाणी टाकायचं नाही, घोंगडी टाकायची. आणि उभं कुणी राहायचं ते एकेकानं, मधोमध. बाळाबाईनं सगळं ऐकून घेतलं. कढईची तार तिनं आणखी एक पीळ घालून आवळली. तेवढ्यावरून मला कळलं की होडीतल्या बारा गाववाल्यांपेक्षा या बाईला जास्त समजलंय.

खरं तर त्या बारा जणांनीही होडीला मोठी मदत केली, फक्त ती त्यांच्या मनात नव्हती. पांगारखळात दोन आळ्या, वरची आणि खालची. नव्या गावठाणात जागा वाटताना खालच्या आळीला डोंगराची वरची बाजू मिळाली, आणि तेव्हापासून दोन्ही आळ्यांचं बोलणं बंद होतं. वरच्या आळीचा म्होरक्या गेनबा, खालच्या आळीचा मानसिंग. जत्रेच्या होडीत दोन्ही आळ्यांची माणसं हवीत, पण मांडीला मांडी लावून बसणार नाहीत. मग सहा जण उजव्या अंगाला, सहा जण डाव्या. एका आळीचा माणूस वाढला की दुसरी आळी हट्टानं आपला वाढवायची. एक उठला की समोरचाही उठायचा, आपण कमी नाही हे दाखवायला. मानसिंग जाडजूड होता म्हणून गेनबा समोर मुद्दाम पहिलवान आणून बसवायचा. मधे चुलीपाशी बाळाबाई, सुकाणूवर अल्लाउद्दीन. असं तोललेलं ओझं त्याच्या बापानंही खाडीत कधी पाहिलं नसेल. आरतीला बाळाबाई थाळी घेऊन उठली की दोन्ही बाजूंचे सहा-सहा एकदमच उठायचे, आणि होडी जराशी खाली दबून जागच्या जागी राहायची. मानकरीण उठल्याशिवाय आरती सुरू होत नाही, ही आणखी एक रीत. सात-आठ वर्षं अशी सुखरूप गेली. सगळे म्हणत, देवीची कृपा. होडी तोलून धरली होती ती त्यांच्या भांडणानं, पण तसं कुणी म्हणालं नाही.

मग घात झाला. आळ्यांचा समेट झाला.

अडतीस साली वैशाखात मानसिंगच्या मुलाला गेनबाची मुलगी दिली. जेवणावळी उठल्या, गळाभेटी झाल्या. मलासुद्धा बरं वाटलं. माणसं बोलायला लागली की घरातल्या जात्यांनाही बरं वाटतं. पण पौषात जत्रेचा दिवस आला आणि मी बघितलं, बाराच्या बारा जण एकमेकांना आग्रह करतायत. व्याही, इकडं बसा. छे, तुमी आदी. नऊ जण एकाच अंगाला दाटीवाटीनं बसले. तिघं समोर राहिले, तेही रुसल्यासारखे.

अल्लाउद्दीननं हात जोडून सांगितलं की निम्मे इकडे या. गेनबा हसून म्हणाला, "भाई, आता आमच्यात दोन बाजू ऱ्हायल्या न्हाईत."

"तुमच्यात नसत्याल," अल्लाउद्दीन म्हणाला. "होडीला हायेत."

सगळे मनापासून हसले आणि कुणीही जागचं उठलं नाही. वारा शिडावर ज्या बाजूनं येत होता, नेमके त्याच बाजूला ते नऊ जण होते. त्यामुळे वाऱ्याचा रेटा आणि त्यांचं वजन यांची बरोबरी झाली, होडी सरळ चालली, आणि अल्लाउद्दीनचं बोलणं उगाच होतं असं ठरलं.

दोन्ही घरचं तेल एका कढईत पडायला हवं, असं व्याह्यांनी आधीच ठरवलं होतं. गेनबानं आपली बरणी ओतली, मानसिंगनं आपली. कुणाचं कमी ओतायचं? कढई काठाखाली बोटभर राहीपर्यंत भरली. बाळाबाईनं तारेला हात घातला तर मानसिंगनं तिला थांबवलं. सोयरीक झालेल्या वर्षात देवीची कढई चोरासारखी बांधून ठेवणं बरं दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. बाळाबाई दिराकडे बघू लागली. दिरानं व्याह्याकडे बघितलं आणि मान डोलावली. बाळाबाईनं तार खाली ठेवली. माझ्या पाठीवर ती न बांधलेली कढई होती, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली.

ठाण्यावर होडी आली. अल्लाउद्दीननं शीड उतरवलं. वाऱ्याचा रेटा गेला आणि होडी नऊ जणांच्या बाजूला कलली. फार नाही, चार बोटं. तेल कढईच्या काठाशी आलं. मी माझं सगळं वजन खाली दाबून धरलं. म्हणजे नेहमीचंच केलं. पहिली तेलची तळली गेली, पाण्यात सोडली गेली, बाळाबाई थाळी घेऊन उठली आणि नऊच्या नऊ जण एकदम उठले.

होडी वाकली. कढई घसरली. तेल चुलीत सांडलं आणि पुरुषभर उंचीचा भडका झाला. चारी बाजूंना पाणी असताना माणसाला ते टाकायचा मोह आवरत नाही. मानसिंगनं घागर बुडवली आणि पेटत्या तेलावर रिकामी केली. मग तो भडका फुटून उडाला. उतरवलेल्या शिडाची कड पेटली, बाळाबाईचा हात कोपरापर्यंत भाजला, आणि आगीपासून पळायला सगळे दुसऱ्या अंगाला धावले. आता होडी तिकडे वाकली. मानसिंग सरळ पाण्यात गेला. गेनबानं त्याचं धोतर धरलं, आणि धोतर धरलेला गेनबाही अर्धा बाहेर गेला.

"खाली बसा!" एवढं बाळाबाई ओरडली. अल्लाउद्दीननं ओली घोंगडी चुलीवर टाकली आणि ती दोन्ही तळहातांनी दाबून धरली. खालून तेल जळत होतं, वरून तो दाबत होता. आग गुदमरली तेव्हाच त्यानं हात काढले. काहीजण बसले होते, काहीजण पडले होते, कसेही असोत, खाली होते. मी होडीला तळातून ओढलं आणि ती हळूहळू सरळ झाली. गुडघाभर पाणी आत आलं होतं, त्यात शिडाची कड विझली, पण होडी बुडाली नाही. मानसिंगला वर घेतलं. कुणी गेलं नाही. सांगताना माझा ऊर भरून येतो, कारण त्या दिवशी मी माझं काम चोख केलं होतं.

तिसऱ्या दिवशी नव्या गावठाणाखालच्या, पाण्याकाठच्या ऑफिसच्या अंगणात चौकशी झाली. होडी काठावर ओढून ठेवली होती. साहेब टेबलामागं, शेजारी कारकून, समोर सगळं गाव. अल्लाउद्दीनच्या दोन्ही हातांना फडकी बांधलेली. त्याचा परवाना टेबलावर पडला होता आणि त्याची नजर त्यावरून हलत नव्हती. अपघात कशानं झाला, साहेबांनी विचारलं.

गावाची मोठी अडचण झाली. एका बाजूला सगळे का बसलात, हे सांगितलं तर गाव मूर्ख ठरतं. तेल जास्त कुणी ओतलं म्हटलं तर दोन्ही व्याही दुखावतात, कढई कुणी बांधू दिली नाही म्हटलं तर मानसिंग. होडीवाल्याची चूक म्हटलं तर परवाना जातो, आणि मग बाजाराला दिवसभराचा वळसा. गेनबा आणि मानसिंग यांनी एकमेकांकडे बघितलं. मग गेनबाची नजर होडीत माझ्याकडे गेली.

"दगड सरकला, साहेब," तो म्हणाला.

मानसिंगनं लगेच दुजोरा दिला. मग तिसऱ्यानं, चौथ्यानं. एकानं तर दगड सरकताना आपण डोळ्यांनी पाहिला असं सांगितलं. साहेबांनाही हायसं वाटलं असावं. माणसाला दोष द्यायचा तर त्याचे सोयरे येतात, वकील येतात. दगडाला कुणी नसतं. तरी त्यांनी अल्लाउद्दीनला विचारलंच, खरं आहे का हे?

मी त्याच्याकडे बघत होते. माझ्या पाचरी त्यानं स्वतः ठोकल्या होत्या. तो माझ्याकडे बघेना. तो परवान्याकडे बघत म्हणाला, "व्हय साहेब. दगड सरकला."

मला फार वाईट वाटलं. गेनबानं म्हटलं त्याचं नाही, त्यानं मला एकदा पाण्यात सोडलंच होतं. पण हा माणूस माझ्या वजनावर खूश झाला होता.

परवाना वाचला. मला काढायला चार माणसं लागली, पाचरी फोडाव्या लागल्या. कारकुनाच्या डोळ्यांदेखत फोडल्या. मग हुकूम निघाला की यापुढं कुठल्याही होडीत कोणत्याही प्रकारचा दगड ठेवू नये. चुलीबद्दलही हुकूम निघाला: देवकार्यासाठी पेटवण्यास हरकत नाही. म्हणजे आग आत राहिली आणि मी बाहेर आले.

आठ दिवसांनी अल्लाउद्दीन अंगणात आला, माझ्यावर बसला आणि फडक्यातले हात मांडीवर ठेवून हळूच म्हणाला, "माफ कर बाई. तुला पोटापान्याचं न्हाई. मला तीन पोरी हायेत." मी रागावलेली होते. पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि खोटं नसलेल्या बोलण्यावर राग फार दिवस टिकत नाही.

त्यानं वाळूची पोती ठेवायची परवानगी मागितली. वाळू म्हणजे बारीक दगडच की नाही, याचा खुलासा वरून मागवला गेला. तो अजून यायचाय. बाजारच्या दिवशी होडीत धान्याची पोती असत, तेव्हा निभायचं. पण पुढची जत्रा आली ती रिकाम्या तळाची. अंगणातून मला धक्का दिसतो. अल्लाउद्दीन पाय ठेवायचा तर होडी काठीवरच्या मडक्यासारखी डुलत होती. बारा जण आले. यंदाही कुणाला समोरासमोर बसायचं नव्हतं. समेट टिकून होता. अल्लाउद्दीननं दोर सोडायला घेतला आणि पुन्हा बांधला.

मग बाळाबाई आली. हातावर भाजल्याचा डाग, काखेत कणकेची परात. आधी ती माझ्याकडे बघून गेली. मग तिनं अल्लाउद्दीनला विचारलं, "दगडाला मनाई हाय. माझ्यासारख्या बाईला तर न्हाई ना?"

चूल चौकटीसकट पुढं सरकवलेली होती; डोलकाठीच्या बुडाशी, माझ्या जागी, ती फतकल मारून बसली. तिचं वजन माझ्याहून बरंच जास्त, दोन मणांच्या पुढं. होडी एकदम शहाण्यासारखी वागू लागली. त्यापुढचं मला अल्लाउद्दीननं सांगितलं. कढई तिनं बांधली, आणि मानसिंग काही बोलायला गेला तर त्याला आपला हात दाखवला. तेल निम्मंच घातलं. पहिली तेलची पाण्यात गेली. थाळी हातात घेऊन तिनं निरांजन लावलं, आणि ती बसून राहिली. सगळे तिच्या उठण्याची वाट बघत होते. मानकरीण उठल्याशिवाय कुणाला उठता येईना. गेनबा दोनदा म्हणाला, वैनी, उठा. ती उठली नाही. बसल्या बसल्या तिनं आरती म्हणायला सुरुवात केली, आणि मग करणार काय, बाराही जणांनी बसूनच टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी शीड परत आलं ते सरळ. बाळाबाईला उतरवायला दोघं लागले, कारण तिच्या पायांत मुंग्या भरल्या होत्या.

गाव खवळलं. देवीपुढं उठली नाही, म्हणजे काय? दोन्ही आळ्यांची बैठक बसली आणि तळायचा मान बाळाबाईकडून काढून मानसिंगच्या बायकोला, बनाबाईला, द्यायचा ठरला. ठरवताना पुन्हा एकमत झालं. एकदा सवय लागली की सुटत नाही. चाळीस वर्षांचा मान होता तो. सांगायला गेनबा गेला तेव्हा बाळाबाई तांदूळ निवडत होती. तिनं वरसुद्धा बघितलं नाही.

"मान न्या," ती म्हणाली. "जागा देत न्हाई म्या."

पुढच्या जत्रेला बनाबाई नवं लुगडं नेसून आली. बाळाबाई आधीच जाऊन तळाशी बसली होती, हातात काही नाही, मानकरीण नाही, नुसतं वजन. बनाबाईनं तेलच्या तळल्या. आरतीची वेळ झाली. बनाबाईनं थाळी घेतली आणि खाली बाळाबाईकडे बघितलं. या दोघी आयुष्यात एकमेकींशी धड चार वाक्यं बोलल्या नव्हत्या. मानसिंग बायकोला म्हणाला, ऊठ. बनाबाईनं पदर सावरला, मांडी नीट घातली आणि ती बसूनच राहिली.

आता या गोष्टीला सहा वर्षं झाली. कामथडीकडचे पाहुणे जत्रेला येतात आणि विचारतात, तुमच्यात आरती बसून का करतात? गेनबा त्यांना मोठ्या अभिमानानं सांगतो की वाडवडलांपासून आमच्यात अशीच रीत आहे.

माझ्यावरचा आरोप तसाच आहे. कारकून बदलले, चुन्याचा आकडा दर पावसाळ्यानंतर नव्यानं घालतात. माझी काही तक्रार नाही. फक्त कुणी साहेबांशी बोलणारं असेल तर एवढं सांगा, की मला राहू द्या इथंच, पण दुसरा एखादा दगड तरी होडीत जाऊ द्या.

कारण बाळाबाई आता होडीत चढू शकत नाही. गुडघे गेले, डोळ्यांना दिसत नाही. यंदाच्या पौर्णिमेला बनाबाई तिच्या जागी तळाशी बसून गेली, चूल कुणा सुनेकडे दिली. बाळाबाई काठी टेकत अंगणात आली, हातानं चाचपून माझी कड शोधली आणि माझ्यावर बसली. दुपारभर बसून होती. पाणी चकाकत होतं, लांबवर पांढरं शीड खाली आलं, चुलीचा धूर दिसला.

"समदी बसल्यात का गं?" तिनं विचारलं.

अंगणात दुसरं कुणी नव्हतं. मला सगळं दिसत होतं. तुमच्याशी बोलतेय तसं तिच्याशी बोलता आलं असतं तर मी सांगितलं असतं, की बसल्यात, बाळाबाई, सगळी खाली बसल्यात.